जाळ्याबाहेरचं मरण

वर्तमानपत्रात माणसाच्या मरणाला किती जागा मिळणार हे कारणावरून ठरतं. आगीत, अपघातात, भिंत कोसळून गेलेल्याला पहिलं किंवा तिसरं पान. उरलेले निधनवार्तेत. तिथे तीनच शब्दप्रयोग चालतात: अल्पशा आजाराने, दीर्घ आजाराने, वृद्धापकाळाने. मी बरीच वर्षं डेस्कवर काढली आहेत आणि हे तीन शब्दप्रयोग हजारदा तरी तपासून पुढे पाठवले आहेत. त्यातलं कुठलंही मरण का आलं, असा प्रश्न डेस्कवर कोणी विचारत नाही. विचारायची पद्धत नाही.

लग्नानंतर कळलं की माझ्या बायकोची नोकरी या उरलेल्या मरणांवरच चालते. फरक इतकाच की तिची मरणं माशांची होती.

ती मत्स्यशास्त्रज्ञ. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली, गिरणी कामगाराची मुलगी. आम्ही परळला राहतो. तिचं काम एका वाक्यात सांगायचं तर असं: समुद्रातल्या एखाद्या जातीचे मासे वर्षाला किती मरतात आणि त्यातले किती जाळ्यात न येता मरतात, हे शोधायचं. जाळ्यात मेलेला मासा धक्क्यावर येतो, दिसतो, मोजता येतो. दुसरा कोणालाही दिसत नाही. त्याला मोठा मासा खातो, रोग होतो, अन्न मिळत नाही, कधी वय होतं. तो तळाला जातो आणि तिथे त्याचं काही उरत नाही. या दुसऱ्या मरणाला शास्त्रात नैसर्गिक म्हणतात. घरी बोलताना ती त्याला ‘आपोआप’ म्हणायची.

"पण जे दिसतच नाही ते मोजता कसं?" मी एकदा विचारलं होतं. तेव्हा सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो होतो.

"समज, आमच्या चाळीत वर्षाला किती माणसं जातात ते तुला काढायचंय," ती म्हणाली. "पण कोणाची प्रेतयात्रा तुला दिसत नाही. फक्त कोण राहतंय ते दिसतं. काय करशील?"

"वयं विचारीन."

"बरोबर. विशीचे किती, चाळिशीचे किती, साठीचे किती. संख्या कशी उतरते त्यावरून एकूण मरण कळतं. मग बघायचं, सगळ्यांत म्हातारं कोण सापडतं. ज्या जातीत म्हातारे सापडतात, ती जात आपोआप मरते ती सावकाश. जिथे कोणी म्हातारं सापडतच नाही, तिथे आपोआप मरण्याचा वेग जास्त धरतात. एकूणातून आपोआप वजा कर. उरलं ते जाळ्याचं."

सासूबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणि तुझ्या बाबांना कशात धरशील? आपोआपमध्ये?"

तिचे वडील गिरणीत कार्डिंग, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात होते. कापसाची धूळ सगळ्यांत जास्त तिथे. साठीच्या आत गेले. शेवटची काही वर्षं जिना चढताना दर मजल्यावर थांबायचे. निधनवार्तेत अल्पशा आजाराने असं छापलं होतं.

बायकोने एक शेंग हातात घेतली. मग म्हणाली, "जाळ्यात."

सासूबाईंनी पुढची शेंग उचलली.

त्या काळात ती ढोमा या माशावर काम करत होती. ढोमा हा स्वस्त मासा. पापलेट-सुरमईच्या रांगेत त्याला कोणी बसवत नाही, पण मुंबईच्या किनाऱ्यावर तो भरपूर येतो आणि घराघरांत खाल्ला जातो. त्याच्या डोक्यात, कानाच्या जागी, दोन पांढरे खडे असतात. खडा दरवर्षी थोडा वाढतो. तो मधोमध कापून, पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की झाडाच्या खोडातल्यासारखी वलयं दिसतात. एक वलय म्हणजे एक वर्ष, असं धरतात. आपल्या उबदार समुद्रात वलयं पुसट पडतात, म्हणून प्रत्येक खडा दोघांनी स्वतंत्र वाचायचा आणि जुळलं तरच वय लिहायचं, असा तिच्या ऑफिसचा नियम होता.

खडे जमवायला ती कफ परेडच्या मच्छीमार नगरात जायची. तिथल्या एका बोटीची मासळी ती नियमाने मोजायची. बोट नाखव्याची, म्हणजे मालक तोच आणि तांडेल, बोट चालवणारा, तोही तोच. मासळी विकायची त्याची बायको. तिला सगळे मावशी म्हणायचे, आम्हीही. बोट लागली की खलाशी पाट्या उतरवायचे आणि माझी बायको मावशीच्या पाटीशेजारी पट्टी घेऊन बसायची. नाकापासून शेपटीपर्यंत लांबी, वजन, आणि ठरलेल्या संख्येची डोकी पिशवीत.

"आली गो खानेसुमारीवाली," मावशी ओरडायची. "सरका, सरका. मेलेल्या मासळीला वय विचारायचंय तिला."

"सांगते का पण मासळी?" शेजारची एखादी विचारायची.

"सांगते ना. बाईमाणूस असली तर दोन वर्सं कमी सांगते."

सुट्टीच्या दिवशी मी कधी कधी सोबत जायचो. पिशव्यांवर चिठ्ठ्या लावणं एवढंच माझं काम.

या मोजणीवर एक निर्णय अवलंबून होता. पावसाळ्यात मासेमारी बंद असतेच. ती बंदी डोल जाळ्यांसाठी आणखी काही आठवडे लांबवावी का, म्हणजे ढोम्याच्या पिल्लांना वाढायला वेळ मिळेल, असा प्रश्न सरकारी बैठकीत पडून होता. डोल हे प्रवाहात खुंटांना बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं. त्यात जे येईल ते येतं, पिल्लंही येतात. नाखव्याची बोट डोलचीच. बंदी वाढली तर समुद्र शांत होऊन मासळी किनाऱ्याशी येते नेमके तेच आठवडे हातचे जाणार होते. वर्षाची सुरुवात त्या आठवड्यांवर होते.

बायकोच्या पहिल्या अहवालात आकडा नाखव्याच्या बाजूने आला. तिच्या नमुन्यात म्हातारे ढोमे नव्हते. म्हणजे ढोमा फार जगत नाही, म्हणजे आपोआप मरण्याचा वेग मोठा, म्हणजे जाळ्याच्या वाट्याला येणारं मरण बेताचं. बंदी वाढवायला त्यात आधार नव्हता. अहवाल कच्चा होता, पक्का व्हायला एक हंगाम बाकी होता, पण बातमी वस्तीत पोहोचली. मावशीने आम्हाला रविवारी जेवायला बोलावलं.

घर दोन खोल्यांचं. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत होते. आत चटईवर ताटं मांडली होती. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि ढोम्याचं आंबट कालवण. मावशीने माशाचं डोकं उचलून माझ्या ताटात ठेवलं.

"जावयाला डोकं," ती म्हणाली.

डोक्याने ताट जवळजवळ भरलं. कुठून सुरुवात करायची ते मला कळेना.

"काय दादा," नाखवा म्हणाला, "डोळे वटारतोय म्हणून घाबरलात?"

"यांना काट्याचं काम जमत नाही," बायको म्हणाली. "पेपरवाले. सगळं सोलून समोर ठेवावं लागतं."

"मग द्या ते तिला," मावशी म्हणाली. "ती चाळीतली हाय. तिला लाज नाय."

डोकं बायकोच्या ताटात गेलं. ती व्यवस्थित खात होती, गाल, मग टाळूखालचा भाग. मग तिचा हात थांबला. तिने बोटांनी चाचपून एक खडा काढला आणि ताटाच्या काठावर ठेवला. मग दुसरा. अंगठ्याने पुसला, वळवून पाहिला. असे हजारो खडे तिच्या हातून गेले होते. त्यातला कुठलाही एवढा मोठा नव्हता.

"मावशी, हा ढोमा कुठला?"

"कुठला म्हंजे? आपल्या बोटीचा."

"मला पाटीत एवढा मोठा कधी दिसला नाही."

"पाटीत कसा दिसेल? हा घरचा वाटा."

त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. मावशीने भाकरी वाढता वाढता सांगितलं. जाळं बोटीवर ओढलं की मासळी तिथेच निवडतात. तेव्हाच नाखव्याच्या आणि प्रत्येक खलाशाच्या घरचं कालवण बाजूला निघतं. त्यात मोठे ढोमे जातात. पापलेट मोठं असेल तर भाव येतो, ते कोणी घरी नेत नाही. ढोमा लहान काय, मोठा काय, बाजारात एकाच पाटीत जातो. घरात मात्र मोठ्यात मांस जास्त आणि पोरांना काटा काढायला सोपा. बोट धक्क्याला लागेपर्यंत वाटे पिशव्यांत गेलेले असतात आणि खलाशी त्या हातात घेऊनच उतरतात. बायको इतके दिवस धक्क्यावर बसली होती, त्या पिशव्या तिच्या समोरून गेल्या होत्या. जेवणाचे डबे आणि कपडे त्याच तऱ्हेच्या पिशव्यांत असायचे. तिने विचारलं नव्हतं आणि मोजणी विकायच्या मासळीची चालली आहे असंच सगळे समजत होते.

"सगळ्या बोटींवर असंच?" तिने विचारलं.

"डोलच्या सगळ्या. का गो?"

"काही नाही. विचारलं."

जेवण पूर्ण झालं. खडे तिने कागदाच्या पुडीत घेतले. निघताना मावशीने वाळलेल्या बोंबलांची पिशवी दिली. बसथांब्यावर ती म्हणाली, "सॅम्पल चुकलं." परळ येईपर्यंत खड्यांची पुडी तिच्या मुठीत होती.

खडा तिने दुसऱ्या दिवशी कापला. शिजवलेल्या माशाचा खडा नोंदीत घेता येत नाही, हे तिला माहीत होतं. तरी दोघांनी वाचला. तिच्या नमुन्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या ढोम्यापेक्षा तो स्पष्टपणे म्हातारा होता.

त्या आठवड्यात तिने मला ते समजावून सांगितलं. मला समजावं म्हणून नव्हे, तर मोठ्याने बोलल्यावर तिला चूक दिसते म्हणून. म्हातारे ढोमे नमुन्यात दिसले नाहीत, तेव्हा तिने धरलं होतं की ते त्या वयापर्यंत पोहोचतच नाहीत, समुद्रात आधीच मरतात.

"ते समुद्रात मेलेच नव्हते," ती म्हणाली. "मावशीच्या पातेल्यात मेले होते. आणि मी ते आपोआपमध्ये टाकले."

"म्हणजे आता आकडा उलटा होणार?"

"तेवढं सोपं नाही. मोठे मासे दिसले नाहीत म्हणून एकूण मरणही जास्त वाटलं असणार. दोन्ही आकडे खाली येतील. सारखेच आले तर जाळ्याचा वाटा होता तिथेच राहील."

"तसं व्हावं असं वाटतं तुला?"

"मला काय वाटतं त्याचं सूत्रात काय काम आहे?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "वाटतं."

ते कळायला घरचा वाटा मोजावा लागणार होता. पूर्ण हंगाम, नाखव्याच्या बोटीवर आणि आणखी काही बोटींवर. तिच्या प्रमुखांना हे पसंत नव्हतं. कच्चा आकडा दुसऱ्या किनाऱ्यांवरच्या आकड्यांशी जुळत होता आणि त्यावर कोणाचीही तक्रार नव्हती. फोन स्पीकरवर होता म्हणून मला ऐकू आलं.

"मॅडम, एका जेवणावरून अहवाल बदलायचा का?"

"जेवणावरून नाही, सर. जेवणानंतर जे मोजेन त्यावरून."

परवानगी मिळाली. पण प्रमुखांच्या परवानगीपेक्षा अवघड परवानगी मच्छीमार नगरात होती. मावशीने मोजू दिलं असतं, नुसतं विचारलं असतं तरी. बायकोला ते पुरेसं वाटेना. ती एका दुपारी विक्री संपल्यावर मावशीशेजारी बसली आणि तिने सरळ सांगितलं: हा वाटा मोजला तर आकडा बदलेल, कदाचित तुमच्या विरुद्ध जाईल, बंदी वाढू शकते.

मावशी पाटी धूत होती.

"मग नको मोजू."

"नाही मोजला तर आधीचा आकडा चुकलाय हे मला लिहावं लागेल. बरोबर काय ते मात्र सांगता येणार नाही."

"म्हंजे कसंपण आमची मान."

"चूक माझी आहे, मावशी. मी विचारायला हवं होतं."

"तू काय विचारणार? आम्ही काय खातो ते?" मावशीने पाटी उलटी घातली. "आमच्या ताटात बघून सरकार बंदी ठरवणार. जेवायला बोलावलं ते चुकलं माझंच."

बायको उठली नाही. मावशी आत गेली, बाहेर आली, बोंबील उलटे केले. नाखव्याशी काही बोलणं झालं नाही, तो झोपला होता. शेवटी मावशी म्हणाली, "मोज. पण एक सांगते. जे काय निघेल ते आधी या दारात येऊन सांगायचं. हापिसात मागनं. आम्हाला मोबाईलवर कळता कामा नये."

"सांगेन."

"चांगलं निघालं तरी आणि वायट निघालं तरी."

"हो."

हंगामभर ती मोजत राहिली. खलाशी उतरताना पिशव्या तिच्यासमोर ठेवायचे. ती प्रत्येक ढोम्याची लांबी घ्यायची, डोकं मागायची. डोकं देणं त्यांच्या जिवावर यायचं, कारण कालवणाची चव डोक्यात असते. मग असं ठरलं की खडे ती तिथेच काढील आणि डोकं परत देईल. ती टाळूखालून इतक्या सफाईने चिरायला शिकली की डोकं फुटायचं नाही. एक खलाशी तिला रोज म्हणायचा, "ताई, आमच्या सासूच्या डोक्यातले पण काढा दोन खडे. फार जड झालंय." हसण्यात दिवस जायचे. मावशीही हसायची, पण खानेसुमारीवाली म्हणून ओरडायचं तिने सोडलं होतं. आकडा कसा चाललाय असं तिने एकदाही विचारलं नाही.

आकडे आले तेव्हा दोन दिवस ती ते पुन्हा पुन्हा तपासत होती. मग तिनेच सांगितलं. एकूण मरण खाली आलं होतं, तिला वाटलं होतं तितकंच. आपोआपचा आकडा त्याहून बराच जास्त खाली आला होता. वजाबाकी कुठल्याही पद्धतीने केली तरी जाळ्याचा वाटा वाढत होता. तिने तीन पद्धतींनी केली. नंतर सहकाऱ्याला मूळ नोंदी देऊन त्याच्याकडूनही करवली.

"ऑफिसला कधी देणार?" मी विचारलं.

"परवा. उद्या मच्छीमार नगर."

मी सोबत गेलो. सकाळची विक्री आटोपली होती. नाखवा दाराबाहेर जाळं मांडीवर घेऊन फाटलेला भाग विणत होता. मावशी उंबऱ्यात बसली होती. बायको त्यांच्यासमोर खाली बसली. मी उभा राहिलो, मग मीही बसलो.

"आकडा आला, मावशी."

"बोल."

"आपोआप मरणारे कमी निघाले. जाळ्याचे जास्त."

नाखव्याने सुई थांबवली. "म्हंजे आम्ही मारतो."

"आधी वाटलं होतं त्यापेक्षा जास्त मासे जाळ्यात मरतात, असं—"

"तेच. आम्ही मारतो. सरळ बोल ना. पेपरवाला हाय सोबत, तो नंतर नीट लिहील."

"हो," ती म्हणाली. "जाळ्यात जास्त मरतात."

"बंदी?"

"मी वाढवायची शिफारस करणार आहे. ठरवणारे दुसरे आहेत."

"आणि मोठे ट्रॉलर?" नाखवा म्हणाला. "ते रात्री येऊन खरवडून नेतात ते?"

"तेही जाळ्यातच धरलंय."

"धरलंय. पण बंद आमचं होणार. त्यांच्याकडे जाऊन बसलीस का अशी?"

तिने ट्रॉलरच्या बंदरांवर मोजणी केली होती, पण कोणाच्या दारात बसली नव्हती. तिने तसं सांगितलं.

मग मावशी बोलली. "एक विचारते. गटाराचं पाणी येतं समोर. भराव टाकलाय तिकडं. गेल्या साली काळं पाणी आलं, खाडीच्या तोंडाला मासळी मेलेली तरंगत होती. ती तू कशात धरलीस?"

"आपोआपमध्ये," बायको म्हणाली.

"आपोआप!"

"सूत्रात दोनच जागा आहेत, मावशी. जाळं आणि उरलेलं. जे जाळ्यात नाही ते उरलेल्यात जातं. ते चूक आहे हे मला माहितीये. अहवालात तसं वाक्य घातलंय."

"वाक्य घातलंय," मावशी नवऱ्याकडे बघून म्हणाली. त्याने विणायला पुन्हा सुरुवात केली होती.

पलीकडच्या घरात मिक्सर चालू झाला, बंद झाला. मावशी म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. आता जा. यांना जेवायचंय."

अहवाल गेला. काही महिन्यांनी डोल जाळ्यांची बंदी त्या किनाऱ्यापुरती, प्रयोग म्हणून, वाढली. आमच्या वर्तमानपत्रात ती बातमी आतल्या पानावर एका कॉलमात आली. ती माझ्या टेबलावरून गेली नाही. कोणी दिली, तेही मी विचारलं नाही. बायकोचं प्रदूषणाबद्दलचं वाक्य अहवालाच्या पक्क्या प्रतीत होतं, निर्णयाच्या कागदात नव्हतं.

वाढलेल्या आठवड्यांत आम्ही एकदा तिकडे गेलो होतो. बोटी वर ओढलेल्या होत्या. समुद्र सपाट होता. जायला काहीच हरकत नव्हती असा दिवस. नाखव्याचा मुलगा कुलाब्याला एका सोसायटीत बदली वॉचमन म्हणून जात होता. मावशी बाहेरून आलेली बर्फातली मासळी विकत होती. तिने आम्हाला पाहिलं, बसायला पाट सरकवला आणि माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली. बंदीचा विषय तिने काढला नाही. बायकोनेही नाही. गिऱ्हाईक आलं तसं आम्ही उठलो.

परत येताना मी बायकोला विचारलं, हे वर्ष त्यांना किती जड जाईल. ती म्हणाली, ते तिला मोजता येत नाही. मग म्हणाली, ढोम्याची पिल्लं वाढली की नाही हे कळायला अजून दोन-तीन हंगाम लागतील, आणि वाढली तरी ती याच बंदीमुळे वाढली असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. समुद्रात एका वेळी एकच गोष्ट बदलत नाही. हे ती नेहमीच्या आवाजात, एखादी तळटीप वाचावी तसं बोलली.

बंदी उठल्यावर पहिली बोट लागली त्या सकाळी ती धक्क्यावर होती. मीही गेलो होतो. नाखवा उतरला, त्याने मान हलवली. खलाशी पिशव्या घेऊन उतरले. कोणी पिशवी तिच्यासमोर ठेवली नाही. सासूवाला खलाशी तिच्याकडे न बघता पुढे गेला.

ती मावशीजवळ गेली.

"मावशी, घरचा वाटा मोजू?"

"नको गो."

"फक्त लांबी. खडे नको."

"नको म्हटलं ना. विकायचं ते मोज. घरचं आमचं."

पिल्लं वाढली की नाही हे त्या पिशव्यांशिवाय नीट कळणार नव्हतं. ते मावशीला तिने आधी सांगितलं होतं, पुन्हा सांगितलं नाही.

"बरं," ती म्हणाली.

त्या वर्षीपासून त्या धक्क्याच्या नोंदीत एक ओळ असते: नमुन्यात घरच्या वाट्याचा समावेश नाही, मोठ्या वयाचे मासे कमी दिसण्याची शक्यता. ती ओळ मी तिला मराठीत नीट करून दिली होती. दर वर्षी तशीच जाते.

मावशीने पाटी पुढे सरकवली. बायको नेहमीच्या जागी बसली, पट्टी काढली आणि पाटीत जे ढोमे होते ते एकेक करून मोजायला लागली.